चौऱ्याहत्तर आणि सातवा सल्ला

मंगळवारी दुपारी, जेवणं झाल्यावर, मठाकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या ओढ्यात मोंजी मामांचं गाढव मेलं.

असं काहीही घडलेलं नाही. तुर्कीया मामींनी तसं जाहीर केलं आहे, आणि ट्युनिशियातल्या स्फाक्समधल्या त्या घरात मामींनी एकदा जाहीर केलं की घडलेल्या गोष्टीलाही माघार घ्यावी लागते. शेजारणींनी विचारलं तर सांगायचं, गाढव मठात विश्रांतीला ठेवलंय. शेजारणी विचारतात, हे विशेष. कारण गाढव टीव्हीतलं होतं. आहे. गाढव टीव्हीतलं आहे आणि ठणठणीत आहे, असं धरूनच मी पुढचं सांगतो.

मोंजी मामांनी एकतीस वर्षं स्फाक्स ते गाबेस लुआज चालवली. लुआज म्हणजे सीटवर भाडं घेणारी गाडी; तिला आठ सिटं असतात आणि वेळापत्रक नसतं. आठवा माणूस बसला की गाडी निघते; तो दहा मिनिटांत आला तर दहा मिनिटांत, दुपारी आला तर दुपारी. सात माणसं घेऊन निघणारा ड्रायव्हर मामांच्या लेखी ड्रायव्हर नव्हे, भित्रा. एकतीस वर्षांत मामांच्या हातून एकही अपघात झाला नाही. वाहतूक खात्याने तसं पत्र दिलं, ते काचेत मढवून बैठकीत टीव्हीच्या वर लावलंय. लग्नाचा फोटो त्याच्या खाली आहे, आणि थोडा लहान आहे.

मार्चमध्ये मामांचा गुडघा बदलला. डॉक्टरांनी सहा आठवडे बसून राहायला सांगितलं. तिसऱ्या दिवशी मामा गच्चीत उभे राहून कुबडीने खालच्या चौकातली वाहतूक सोडवताना सापडले. मामींनी मला फोन केला.

"नुमान, याला बसव. कसाही बसव. दोरी घरात आहे."

मी मोबाईल दुरुस्त करतो, माणसं बसवत नाही. पण माझ्याकडे टीव्हीला जोडायचं एक जुनं खेळाचं यंत्र पडून होतं आणि त्यात 'सात खिंडी' हा खेळ होता. किल्ले, भिक्षू, तलवारी, महामारी, लुटारू, सगळं मध्ययुगातलं. जगभरची हजारो माणसं एकाच वेळी त्यात राबतात. मेलात की पुन्हा सुरुवात: अंगात एक सदरा, हातात अर्धा कांदा. गाढव, घोडा, घर मात्र एकदा गेलं की गेलं. तुमच्याबद्दलचा बरावाईट शेरा तुमच्या डोक्यावर पांढऱ्या अक्षरांत तरंगत राहतो, आणि वाईट शेरा एकदा लागला की तोही कायमचा. बाकी खेळ मनोरंजक आहे.

या खेळात नव्या माणसाने कसं तगावं आणि चार नाणी कशी वाचवावीत, यावर अरबीत लिहिणारा एक जाणकार आहे. तो मीच. 'रिकाम्या खिशाने कसं जगावं' या माझ्या पानाला तेव्हा चार हजार वाचक होते. पहिले सहा सल्ले मी स्वतः मरून मरून तपासले होते. पहिल्या दिवशी तलवार विकत घेऊ नका. लुटारू आधी कपडे बघतात, तेव्हा चांगला अंगरखा पिशवीत ठेवा आणि भिकाऱ्यासारखे चाला. सराईतल्या पलंगाला पैसे पडतात, तबेल्यातलं गवत फुकट. पिसवा चावतात, पण पिसवा भाडं घेत नाहीत. दुकानदाराशी घासाघीस करून पाठ फिरवा, तो तिसऱ्या पावलाला हाक मारतो. हे आपल्या बाजारात जसं, तसंच तिथे. पोट कांद्यावर भरा, तो सगळ्यांत स्वस्त. एकटे हिंडू नका, पाचांहून कमी माणसं दिसली की लांडगे येतात.

सातवा सल्ला मी तपासला नव्हता. सहाची यादी अपुरी दिसत होती, म्हणून मी सातवा लिहिला: 'गाढवासाठी वैरण विकत घेऊन पैसे वाया घालवू नका. जनावर आपलं आपण चरतं.' लिहायला अर्धं मिनिट लागलं. वाचकांना सगळ्यांत जास्त हाच आवडला.

मामा पहिल्या आठवड्यात अकरा वेळा मेले. त्यातले चार मृत्यू शिष्टाचारामुळे झाले. ते रस्त्यात भेटणाऱ्या प्रत्येकाला सलाम करून घरच्यांची तब्येत विचारायचे आणि लुटारूंनाही यातून वगळायचे नाहीत. एकदा सराईच्या मालकिणीने फुकट सूप देऊ केलं. मामांनी रीतीप्रमाणे दोनदा नको म्हटलं आणि तिसऱ्या आग्रहाची वाट बघत बसले. तिसरा आग्रह त्या बाईच्या यंत्रात भरलेलाच नव्हता. मामा तिच्या दारात उपाशी मेले.

"कसली माणसं आहेत ही," मामा म्हणाले. "तोंडदेखलंसुद्धा परत विचारत नाहीत."

"ए माणसा, भूक लागली होती तर हो म्हणायचंस," मामी स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

"पहिल्याच फटक्यात? हावरटासारखं?"

मग मी त्यांना माझे सल्ले वाचून दाखवले. मामांनी ते फळ्यावरच्या सूचना ऐकाव्या तसे ऐकले आणि तंतोतंत पाळले. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी कांद्यावर जगून, गवतात झोपून एक गाढव आणि एक लाकडी गाडा घेतला. गाढवाचं नाव ठेवलं 'चौऱ्याहत्तर'. त्यांच्या जुन्या लुआजच्या नंबरपाटीवरचे पहिले दोन आकडे.

"गाढवाला नाव आहे," मामी मला म्हणाल्या. "मला पस्तीस वर्षं नुसतं 'ऐक गं'."

यापुढे जे झालं ते मी सुचवलेलं नाही, हे नोंदवून ठेवावं. मामांनी गाडा खेळातल्या पूल-दरवाजाजवळ उभा केला आणि माइक तोंडाशी धरून आरोळी ठोकली, "मठ! मठ! मठ! एक सीट, एक सीट!" तेव्हा गाडा पूर्ण रिकामा होता, पण एकच सीट उरलीय म्हणायचं असतं. तासाभरात ओमानचा एक दातांचा डॉक्टर येऊन बसला. त्याला लांडग्यांची भीती होती. मग मोसुलची दोन भावंडं आली, ओरानची एक शिक्षिका आली. नव्या माणसाला घोडा परवडत नाही, एकट्याने चालवत नाही. इथे दोन तांब्याच्या नाण्यांत आठजणांची सोबत मिळत होती. तीन आठवड्यांत मामा दिवसाला चार फेऱ्या मारू लागले. लांडगे नुसते बघायचे. लोक त्यांना आदराने 'सी मोंजी' म्हणू लागले, आणि त्यांच्या डोक्यावर पांढऱ्या अक्षरांत शेरा उमटला: 'भरवशाचा'.

तो शेरा मामांनी मामींना बोलावून दाखवला. मामींनी हात पुसत वाचला, मग वरच्या काचेतल्या पत्राकडे बघितलं आणि म्हणाल्या, "हा कुठे मढवायचा?"

मामा प्रत्येक फेरीनंतर वीस वेळा गुडघा वाकवायचे. व्यायाम घ्यायला येणाऱ्या बाई म्हणाल्या, असा रोगी पाहिला नाही. घरात सगळे माझ्यावर खूश होते. मामी मला माशाचा मोठा तुकडा वाढायच्या.

तर आता वैरणीचं.

एका गुरुवारी माझ्या पानावर तिआरतच्या साफिया नावाच्या मुलीने लिहिलं. ती जनावरांची डॉक्टर व्हायला शिकत होती. 'सातवा सल्ला अर्धाच खरा आहे. मोकळं गाढव चरतं, जुंपलेलं चरत नाही. गाड्याला जुंपून उभं ठेवलंत तर उपाशी मरतं. माझी दोन गेली. कृपया दुरुस्ती करा, नवे लोक वाचतात.'

मी ते दोनदा वाचलं. पूल-दरवाजाशी आठव्या माणसाची वाट बघत तासन् तास उभं असलेलं एक जुंपलेलं गाढव माझ्या डोळ्यांसमोर आलं. मग मी साफियाचा मजकूर पुसून टाकला.

यासाठी माझ्याकडे कारण आहे, आणि ते फार खराब आहे. त्याच दिवशी कुणीतरी मला 'उस्ताद' म्हटलं होतं. मी ठरवलं, उद्या शांतपणे दुरुस्ती करू. उद्या शुक्रवार होता, शुक्रवारी घरी कुसकुसचं जेवण असतं. शनिवारी दुकानात गर्दी होती. रविवारी मामांनी विचारलं.

"नुमान, चौऱ्याहत्तरचे कान खाली आलेत रे. काय असेल?"

मी टीव्हीकडे बघितलं. कान खरंच खाली आले होते. फासळ्याही दिसत होत्या, आणि त्या फार बारकाईने काढल्या होत्या.

"ऊन आहे मामा," मी म्हणालो. "खेळात उन्हाळा लागलाय. चित्रकार भारी आहेत त्यांचे."

"वैरण घेऊ का थोडी? कोपऱ्यावर विकतोय एकजण."

इथे मला फक्त 'घ्या' म्हणायचं होतं. दोन अक्षरंसुद्धा नव्हती ती.

"कशाला पैसे घालवता," मी म्हणालो. "आपलं आपण चरतं ते."

"उस्तादाने सांगितलं म्हणजे झालं," मामा म्हणाले आणि त्यांनी आरोळी ठोकली. एक सीट उरली होती.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात. माझ्या मनात दोन दिवस गाढव होतं. जेवताना फासळ्या दिसायच्या. एका गिऱ्हाइकाच्या मोबाईलची काच बदलताना मी त्याला उगाच विचारलं, तुम्ही जेवलात का. मंगळवारी दुपारी मी दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि माझ्या स्वतःच्या खात्याने खेळात शिरलो. बेत असा होता: कोपऱ्यावरच्या माणसाकडून वैरणीची पेंढी घ्यायची, गुपचूप गाढवापुढे टाकायची आणि निघून जायचं. सल्लाही चुकला नाही, गाढवही जगलं, मामांना कळलंही नाही. ताकाला जाऊन भांडं लपवणाऱ्याचा बेत असाच असतो.

मी पेंढी काखेत मारून पूल-दरवाजाशी पोचलो. गाड्यात सात माणसं बसली होती. नंतर कळलं, ती दोन तास चाळीस मिनिटं बसली होती. चौऱ्याहत्तरची मान गुडघ्यांपर्यंत आली होती. मी त्याच्या तोंडापासून पाच पावलांवर असताना मामांनी मला पाहिलं.

"आठवा आला!" मामा गरजले. "अरे, हा तर आपला नुमान! बस, बस, लोक खोळंबलेत!"

"मामा, मी जरा पुढून..."

"पुढे काही नाही, सीट मागे आहे. सामान मांडीवर घे."

"हेच का ते उस्ताद?" ओमानच्या दातांच्या डॉक्टरने विचारलं. "तुमच्या सल्ल्यांवर तर आम्ही जगतोय!"

सातही माणसं माझ्याकडे वळली. ओरानच्या शिक्षिका म्हणाल्या, "सातवा तर काय सुंदर आहे. साधा, पण विचार केलेला."

तेव्हा मी बोलायला हवं होतं. मी बसलो. मठ बारा मिनिटांवर होता. मठात पोचलो की खायला घालू, असा मी हिशोब केला. गाडा निघाला. आणि मी, गाढवाच्या मागे दोन हातांवर, मांडीवर गाढवाची वैरण घेऊन, उपाशी गाढवाने ओढलेल्या गाड्यात बसून लोकांच्या शंकांची उत्तरं देत निघालो. कांदे कुठे स्वस्त मिळतात, गवतात झोपताना बूट काढावेत का. मी उत्तरं चांगली दिली.

ओढ्यात पुढची दोन चाकं उतरली आणि चौऱ्याहत्तर पुढच्या पायांवर बसलं. मग कुशीवर झालं. पाणी घोट्याएवढंच होतं.

मामांनी गाडा सोडवायचा प्रयत्न केला. मी उडी मारून पेंढी त्याच्या तोंडाशी धरली. तिथे खेळाने मला एक ओळ दाखवली: 'हे जनावर आता खाऊ शकत नाही.' आणि मामांच्या डोक्यावरचा 'भरवशाचा' पुसला गेला. त्या जागी उमटलं: 'हलगर्जी. याच्या हातून जुंपलेलं जनावर उपाशी मेलं.'

सातजण ते शब्द वाचत उभे होते. मामांनी प्रत्येकाला त्याची दोन नाणी परत दिली, मोसुलच्या धाकट्याने नको म्हटलं तरी दिली. मग सगळ्यांना पायी मठापर्यंत पोचवलं, सर्वांत पुढे स्वतः. दारात म्हणाले, "माफ करा. माझी गाडी अशी कधी बंद पडली नव्हती." आणि खेळ बंद झाला.

मी घरी पोचलो तेव्हा टीव्हीवर काळोख होता. मामा त्याच्यासमोर पाय लांब करून बसले होते. मामी दारातच मला म्हणाल्या, "गाढव मठात आहे. कळलं? विश्रांतीला आहे." त्यांचे डोळे लाल होते. मग पुढे म्हणाल्या, "कांदा चिरत होते." स्वयंपाकघरात कांदा नव्हता.

मी मामांपुढे बसलो आणि सगळं सांगितलं. यादी सहाची होती इथपासून. साफियाचं सांगितलं, पुसल्याचं सांगितलं, मांडीवरच्या पेंढीत काय होतं तेही सांगितलं. मला वाटलं होतं, कुबडी बसेल. मी मान जरा पुढे करूनच बसलो होतो.

"लगाम कुणाच्या हातात होता?" मामांनी विचारलं.

"तुमच्या. पण मामा..."

"कान खाली आलेले कुणी पाहिले?"

"तुम्ही. पण तुम्ही मला विचारलंत आणि मी खोटं..."

"पोरा, एकतीस वर्षं लोक मला मागून सांगत आलेत. डावीकडून घे, जोरात घे, पुढे पोलीस नाही. मी कुणाचं ऐकलं? गाडी ज्याच्या हातात, गुन्हा त्याचा. आणि पेंढीचं म्हणशील तर मी प्रवाशाच्या पिशवीत कधी डोकावलो नाही. लोक बकऱ्या घेऊन बसलेत, एकदा एक नवरामुलगा शिडी घेऊन बसला होता. डोकवायचं नसतं."

"मला शिव्या तरी द्या, मामा."

"कशाला? तू सीट होतास."

त्यांनी मला माफ केलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी मला हिशेबातच धरलं नाही.

त्याच संध्याकाळी मी सातवा सल्ला दुरुस्त केला. साफियाचा मजकूर पुन्हा वर लावला आणि खाली लिहिलं की तो मी पुसला होता आणि त्यामुळे काय झालं. वाचक चार हजारांवरून नऊ हजारांवर गेले. लोकांना वाटलं मी विनोद करतोय. 'मांडीवर वैरण' या प्रसंगावर पोट धरून हसलो, असं एकाने लिहिलं. मी नवीन गाढवही विकत घेतलं, तशाच रंगाचं, आणि मामांच्या नावावर करून दिलं. मामांनी त्याच्याकडे अर्धं मिनिट बघितलं. "चांगलं आहे," म्हणाले. "याला कुणीतरी चांगला मालक बघ. माझ्या डोक्यावर काय लिहिलंय ते वाचून कोण बसणार गाड्यात? मी तरी बसेन का?"

आज नववा दिवस. मामा गुडघा वाकवत नाहीत. व्यायामाच्या बाई म्हणतात, असंच राहिलं तर गुडघा असाच राहील. मामी जेवायचं ताट पुढे ठेवतात आणि मठाचा विषय काढत नाहीत. काल मात्र मी निघताना मामांनी हाक मारली.

"नुमान. तो शब्द पुसता येतो का?"

"नाही मामा. वाईट शेरे कायमचे असतात. नियमच आहे."

"विचारलंस का पण? नीट, अर्ज करून? खात्यात अर्ज केल्याशिवाय काही होत नाही. मला पत्र मिळालं तेही तीन अर्ज केल्यावर."

खेळ बनवणारी कंपनी कुठल्यातरी थंड देशात आहे. तिच्या तक्रारीच्या पानावर तीनच प्रकार निवडता येतात: पैसे अडकले, परवलीचा शब्द विसरलो, इतर. खाली लिहिलंय की शेऱ्यांबाबतच्या विनंत्या वाचल्या जात नाहीत. मी 'इतर' निवडलं आणि मामांनी सांगितलं तसा नीट अर्ज केला:

प्रति, मा. व्यवस्थापक, शेरे व मृत्यू विभाग, 'सात खिंडी'.

विषय: गाढवाच्या मृत्यूची जबाबदारी योग्य इसमाच्या नावे वर्ग करण्याबाबत.

महोदय,

वरील विषयास अनुसरून विनंतीपूर्वक कळवतो की, आपल्या जगातील पूल-दरवाजा ते मठ या मार्गावरील चालक सी मोंजी यांच्या डोक्यावर 'हलगर्जी' असा शेरा चुकीने मारण्यात आला आहे. सदर गाढव त्यांच्या हलगर्जीपणाने नव्हे, तर खाली सही करणाऱ्याच्या सल्ला क्रमांक सातमुळे, तसेच त्यावरील योग्य हरकत दडवल्यामुळे मेलं. घटनेवेळी सदर इसम पुरेशा वैरणीसह गाड्यात हजर होता. तरी सी मोंजी यांचा पूर्वीचा शेरा 'भरवशाचा' त्यांना परत देण्यात यावा आणि 'हलगर्जी' हा शब्द माझ्या डोक्यावर, सर्वांना लांबून वाचता येईल अशा अक्षरांत, कायमचा लावण्यात यावा. डोकं मोकळं आहे. सोबत सात साक्षीदारांची नावं जोडली आहेत. गुडघ्याच्या उपचाराची मुदत लक्षात घेता, निर्णय पंधरा दिवसांच्या आत, लेखी आणि शिक्क्यानिशी कळवावा, ही नम्र विनंती.